जावेचा डबा

माझ्या जावेबद्दल कोणी विचारलं की मी म्हणते, बाई लाखात एक आहे. ते खरंच आहे आणि तिथेच माझं दुखणं आहे. वाईट बाईवर जळणं सोपं असतं. चार ठिकाणी तिचं वाईटपण सांगितलं की पोट हलकं होतं. हिच्याबद्दल सांगायला तसं काही सापडतच नाही, त्यामुळे गेली दोन वर्षं मी गपचूप जळते आहे.

ती माझी सख्खी जाऊ नव्हे, नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. दीर सैन्यात सुभेदार, गाव साताऱ्याकडचं. राजस्थान, आसाम, पंजाब अशी बिऱ्हाडं करत दोन वर्षांपूर्वी त्याची बदली दिल्ली छावणीत झाली. आम्ही दिल्लीतच, द्वारका उपनगरात, म्हणजे अगदी शेजारीच. बदलीची बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे इथे मुद्दाम नोंदवते. मला वाटलं, गावाकडची मुलगी, दिल्लीत बावरून जाईल. तिला आपण सगळं दाखवू, शिकवू.

शिकवण्याची मला हौस आहे. त्यातही प्रवासात काय खावं, कुठे खावं आणि पैसे कुठे वाचवावेत हा माझा खास विषय. पुण्याहून लग्न करून दिल्लीत आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. एका मंत्रालयात नोकरी केली. सरकारी नोकरीत प्रवासाची सवलत मिळते, तिकिटाचे पैसे सरकार देतं, पोटाचं मात्र तुमचं तुम्ही बघा. तरी शिमल्यापासून कन्याकुमारीपर्यंत आम्ही देश पाहिला, तो माझ्या नियोजनावर. भाड्यात नाश्ता धरलेलं हॉटेलच घ्यायचं. नाश्त्याला सगळ्यात शेवटी जायचं, म्हणजे दुपारचं जेवण आपोआप टळतं. दोन केळी आणि तीन उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये. खोलीत चहाची किटली असतेच, तिच्यात सूप होतं, नूडल्स होतात. रात्री गावातल्या नावाजलेल्या ठिकाणी बसायचं, पण तिघांत दोन थाळ्या. नवरा पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, अस्सल दिल्लीकर, त्याला तिसरी थाळी मागवल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच्याकडे मी नुसतं बघायचे, की तो मेन्यू मिटायचा.

दिल्लीत पाहुणे आले तरी वेळापत्रक माझंच. ज्या राज्याचं खायचं असेल त्या राज्याच्या सदनातलं कँटीन गाठायचं. स्वच्छ, पोटभर आणि खिशाला झेपेल असं जेवण. मासे हवेत तर इकडे, डोसा हवा तर तिकडे. घरच्या चवीची आठवण झाली की कोपर्निकस मार्गावरचं आपलं जुनं सदन. इथल्या मराठी मंडळाच्या बायका सहलीला निघाल्या की पहिला फोन मला यायचा. एवढा मान होता. फक्त माझ्याच घरात, माझ्या एकुलत्या एका लेकीला या ज्ञानाचं काडीचं कौतुक नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

लेकीला माझ्या नियोजनातलं एकच दृश्य आठवतं. ती नऊ वर्षांची होती. शिमल्याच्या हॉटेलात माझी पर्स खुर्चीवरून पडली आणि तिन्ही अंडी घरंगळत वेटरच्या बुटापर्यंत गेली. त्याने ती उचलून बशीत घातली आणि अदबीने माझ्यासमोर आणून ठेवली. मी त्याला थँक यू म्हटलं. लेक मात्र दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खाली यायलाच तयार होईना. "आई यार, तू सबके सामने असं का करतेस?" तेव्हापासून मी खाण्याबद्दल तोंड उघडलं की तिचे कान बंद होतात.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करते, राहते आमच्याजवळच. महिन्यातले आठ-दहा दिवस उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थानातल्या लहान शहरांत फिरती. खाण्याचा भत्ता ठरलेला असतो, तो तिसऱ्या दिवशी संपायचा आणि पोट दुसऱ्याच दिवशी बिघडायचं. दर वेळी पोरगी वाळून घरी यायची. मी सांगायला लागले की हेडफोन लावायची. ती उपाशी असायची आणि माझ्याजवळ द्यायला सगळं होतं, फक्त ती घेत नव्हती. आईला याहून मोठं दुःख नसावं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे कळलं, असतं.

जाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा लेक मुरादाबादहून नुकती परतली होती आणि पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर पडली होती. मी माझं चालू केलं होतं. कुठे खाल्लंस, काय खाल्लंस, मी सांगितलं होतं ना. जाऊ तिच्या पायाशी जाऊन बसली. "पुढल्या बारीला निघायच्या आदल्या दिशी माझ्याकडं ये," ती म्हणाली. "डबा ने. न्हाई आवडला तर टाकून दे. मी काय बघाया येणार हाय व्हय?"

शाळेत असताना माझा डबा निम्मा परत आणणारी माझी लेक पुढच्या फिरतीच्या आदल्या दिवशी कार्यालयातून परस्पर छावणीत गेली. पाच दिवसांनी आली ती टवटवीत. डबा रिकामा, घासूनपुसून लख्ख. आल्या आल्या मला म्हणाली, "आई, तुला माहितेय? दशमीची कणीक दुधात मळतात. पाणी बिल्कुल नाही. म्हणून ती तीन-चार दिवस टिकते."

मला सांगत होती. दशमी काय असते ते मला. मला ती माहीत होतीच, फक्त कधी केली नव्हती, कारण दिल्लीत ब्रेड मिळतो. पण मी तिला बोलू दिलं, कारण खूप वर्षांनी ती माझ्याशी खाण्याबद्दल आपणहून बोलत होती. बोलत होती ते दुसरीच्या स्वयंपाकाबद्दल, हे मी गिळलं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. जावेचे नियम मला लेकीच्या तोंडून कळत गेले आणि प्रत्येक नियमागणिक माझ्या नाकाला मिरच्या झोंबत गेल्या, कारण एकही चुकीचा नव्हता. डबा उघडल्यावर ओलसर असेल ते पहिल्या दिवशी संपवायचं, मग धपाटे, आणि दशम्या शेवटी. चटणी सुक्या खोबऱ्याची, लसणाची, ओल्या नारळाचं नाव काढायचं नाही. कांदा-बटाटा डब्यात नको. रवा घरीच तुपावर भाजून, फोडणी घालून, पिशवीत भरून न्यायचा. हॉटेलच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की उपमा तयार. माझीच किटली आणि माझं इतकी वर्षं नूडल्सवर भागलं. बाहेर जेवायचं तर रोज एकदाच, दुपारी, कचेरीतले लोक जिथे जेवतात तिथे, कारण तिथलं गिऱ्हाईक रोजचं असतं आणि मालकाला उद्याही त्यांनाच तोंड दाखवायचं असतं. रात्री खोलीवर डबा, दही आणि एखादं साल असलेलं फळ. गुरुद्वारा दिसला तर लंगरात जेवावं, पण चार भांडी घासल्याशिवाय उठू नये.

लेक यातलं सगळं करायची. माझी नऊ वर्षांची मुलगी अंड्यांपायी लाजून मेली होती, आणि तीच आता कुठल्याशा गावात लंगरात भांडी घासतानाचा फोटो मला दाखवत होती. भत्त्यातले पैसे उरायला लागले. त्यातून तिने माझ्यासाठी एक ओढणी आणली, तशीच एक जावेसाठी. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. तिची जास्त चांगली होती. नवरा म्हणाला, एकच कापड आहे. पुरुषांना कळत नाही.

पण खरा घाव पडला तो वेगळ्याच जागी. एका रविवारी लेक जेवायला बसली आणि म्हणाली, "आज कालवण काय केलंयस?"

आमच्या घरात कालवण कोणी म्हणत नाही. आम्ही आमटी म्हणतो, रस्सा म्हणतो. वीस वर्षं मी या मुलीच्या मागे लागले होते, घरात मराठी बोल. वर्तमानपत्र वाचून घेतलं, श्लोक पाठ करून घेतले. ती मला हिंदीत उत्तर द्यायची. आणि आता ती 'वाईच थांब' म्हणत होती, भाजीला 'कोरड्यास' म्हणत होती, तेसुद्धा साताऱ्याच्या हेलात. मी म्हटलं, "नीट बोल." ती म्हणाली, "आई, हे पण मराठीच आहे ना?" पदार्थ सोडा, मला जे बोलणं या पोरीच्या तोंडात घालता आलं नाही ते जावेने डब्याबरोबर सहज बांधून दिलं होतं. त्या दिवशी मी स्वतःशी स्पष्ट कबूल केलं की मला या बाईचा हेवा वाटतो, आणि माझी लेक मला परत हवी आहे.

मग मी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मे महिना होता. लेकीला बरेलीला पाच दिवस जायचं होतं. आदल्या दिवशी तिला छावणीत जायला वेळ मिळणार नव्हता, हे मला दोन दिवस आधी कळलं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जावेला विचारायचा प्रश्नच नव्हता. सगळे नियम मला ऐकून पाठ होते, आणि शिवाय मला तिच्याहून सरस करायचं होतं. पहाटे चारला उठले. दशम्या केल्या. धपाट्यांत मऊपणासाठी दुधी किसून घातला, चवीला कांदा घातला. लेकीला लहानपणी आवडायची म्हणून बटाट्याची भाजी केली. चटणीत थोडा ओला नारळ घातला, कारण नुसतं सुकं खोबरं घशात अडकतं. साडेपाचला गाडी खाली हॉर्न वाजवायला लागली तेव्हा शेवटचं धपाटं तव्यावर होतं. सगळं गरमागरम, नव्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरलं. चारी बाजूंनी खटाखट लागणारं झाकण. हवा शिरायची बिशाद नव्हती. लेकीने डबे पाहिले, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, इतकं सगळं?" मी दिवसभर त्या मिठीवर तरंगत होते.

संध्याकाळी फोन केला. "खाल्लंस?" "हो, खाल्लं." "कसं होतं?" "छान होतं." आवाज बारीक होता, मला वाटलं दमली असेल. तीन दिवस ती हेच सांगत राहिली. परत आल्यावर जरा उतरलेली दिसली, पण बरेलीचं ऊन, म्हटलं चालायचंच. जावेला फोन करून मी मुद्दाम सांगितलं की या खेपेला डबा मीच दिला होता. ती म्हणाली, "बरं केलंत ताई." एवढंच म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी दीर आणि जाऊ जेवायला आले. श्रीखंड-पुरी केली होती. दीर मोकळा माणूस, त्याला पोटात काही ठेवता येत नाही. पहिली पुरी मोडता मोडता तो लेकीला म्हणाला, "काय गं, आता बरी हायस ना? बरेलीत लई झालं तुला. आमच्या नाईकाची बायको सांगत व्हती, दोन दिस उठून बसता येत नव्हतं."

जावेने श्रीखंडाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "ताई, वेलची छान लागतीय." लेक ताटात बघत होती. माझा नवरा एकदा माझ्याकडे, एकदा लेकीकडे बघत होता. मला सगळं एका दमात समजलं आणि मी पुऱ्या तळायचं निमित्त करून आत गेले.

लेक मागोमाग आली. मी विचारलं, तिने सांगितलं. दुपारी डबा उघडला तेव्हा वास येत होता. धपाट्यांना तार सुटली होती. "मग टाकायचंस ना!" मी म्हटलं.

"दोन खाल्ले. तू चार वाजता उठली होतीस ना, म्हणून."

रात्री उलट्या सुरू झाल्या. तिने काकूला फोन केला. आईला नाही, काकूला. बरेलीला छावणी आहे, आणि कुठल्याही छावणीत आपल्याकडची एक तरी बाई सापडतेच. दिराच्या जुन्या पलटणीतल्या नाईकाची बायको तासाभरात हॉटेलवर हजर झाली. मीठ-साखरेचं पाणी दिलं, डॉक्टरकडे नेलं, दोन दिवस घरून भाताची पेज आणून पाजली. माझ्या मोबाइलमध्ये खाण्याची ठिकाणं सांगणारी तीन ॲप आहेत. जावेजवळ देशभर अशा बाया आहेत.

"मला का नाही सांगितलंस?"

"काकू म्हणाली, आईला नको सांगू, तिला वाईट वाटेल."

"आणि तू ऐकलंस?"

लेकीने लाटलेल्या पुऱ्या ताटात सारख्या केल्या. मग म्हणाली, "मला पण वाटलं, तुला कळलं तर पुढच्या वेळी तू अजून जास्त बनवशील. मग मला ते सगळं खावं लागेल."

ती हे रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती अगदी मऊ आवाजात, मला सांभाळून बोलली. दोघींनी मिळून मला सांभाळलं होतं. माझ्या लेकीचं आणि जावेचं एक गुपित होतं आणि ते गुपित मी होते. मला त्या पेजेपेक्षा, त्या उलट्यांपेक्षा याचा जास्त त्रास झाला, असं लिहायला लाज वाटते, पण झाला. कढईतलं तेल तापून धुरावलं तेव्हा लेकीने गॅस बंद केला.

त्यानंतर आठवडाभर मी विचार केला. दोन वाटा होत्या. एक म्हणजे लेकीचा डबा कायमचा जावेकडे सोपवायचा आणि आपण फक्त दार उघडायला उरायचं. दुसरी, जिच्यावर जळायचं तिच्याचकडे जाऊन शिकायचं. दुसरी निवडली, पण सरळ नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही माझी जुनी खोड. तिचा एक उंच स्टीलचा डबा आमच्याकडे राहिला होता. तो परत द्यायच्या निमित्ताने गेले. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरून नेले.

छावणीतलं तिचं घर दोन खोल्यांचं. भिंतीला लागून तीन काळ्या पेट्या, त्यांवर चादर टाकून केलेली बैठक. मी पेटीवर बसले, चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू त्या दशम्या करतेस ना, त्याला दूध कच्चं घेतेस का तापवलेलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. एका क्षणात तिला सगळं कळलं होतं. दुसरी कोणी असती तर गालात हसली असती, मग मला सुखाने तिचा राग राग करता आला असता. ती उठली, परात काढली आणि म्हणाली, "ताई, आज माझं मनगट लई दुखतंय बघा. उद्या ह्यांना गावाकडं जायाचंय, डबा करायचाच हाय. तेवढी कणीक मळून द्याल का?"

मनगट काही दुखत नव्हतं. याच मनगटाने तिने चहाच्या आधी माझ्यासमोर सिलिंडर हलवला होता. पण मी पदर खोचून परातीपुढे बसले. दूध तापवून गार केलेलं. त्यात किसलेला गूळ विरघळवलेला. कणीक घट्ट मळायची, मऊ मळली तर दशमी चिवट होते. मंद आचेवर भाजायची. भाजली की एकीवर एक रचायची नाही. तिने खाटेवर स्वच्छ धोतराचं फडकं पसरलं आणि त्यावर एकेक दशमी सुटी मांडली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय न्हाई. बसायचं," ती म्हणाली. "वाफ जिरू द्यायची. हाताला गार लागली म्हंजी झाली असं न्हाई, मधनं गार व्हावी लागती. लोकं हितंच चुकतात. निघायच्या दिशी पहाटं उठून करत्यात नि गरम गरम भरत्यात. माया असती, पर घाई असती."

तिने माझ्याकडे न बघता हे सांगितलं. मी फडक्याकडे बघत राहिले. दोन तास आम्ही तिथे बसलो. तिने सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा गाडीने आसामला निघाली तेव्हा तिचाही डबा दुसऱ्या दिवशी आंबला होता आणि दोघं नवराबायको तीन दिवस केळी खात गेले होते. तिने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं होतं, कोण जाणे. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. निघताना तिने लाडू काढून ठेवले, डबा धुतला, त्यात भाजलेले शेंगदाणे भरले आणि माझ्या हातात परत दिला. तिच्याकडेही रिकामा डबा देत नाहीत. म्हणजे मी द्यायला गेलेला डबा घेऊन पुन्हा माझ्याच घरी आले.

ऑगस्टमध्ये लेकीला कोट्याला जायचं निघालं, चार दिवसांसाठी. यावेळी मी कोणाला काही बोलले नाही. आदल्या दिवशी ती कार्यालयात गेली आणि मी दुपारी बाराला कामाला लागले. दूध तापवलं, गार केलं. कणीक घट्ट. आच मंद. दशम्या जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरून सुट्या मांडल्या आणि पंखा लावून समोर खुर्ची घेऊन बसले. मांजर राखण करतं तशी. कांदा नाही, बटाटा नाही, नारळ सुका. फक्त चटणी वाटताना मला राहवलं नाही आणि मी चिमूटभर साखर घातली. तिखटाला किंचित गोड लागल्याशिवाय आमच्याकडे चटणी पुरी होत नाही. रवा भाजून पिशवीत भरला. संध्याकाळी पाचला सगळं आतून-बाहेरून गार झाल्याची खात्री केली आणि हवा खेळायला हवी म्हणून प्लास्टिकचे डबे बाजूला ठेवून तो उंच स्टीलचा डबा घेतला. लेक सातला आली तेव्हा ओटा पुसलेला होता आणि डबा तिच्या बॅगेशेजारी तयार होता. ती म्हणाली, "अरे वा, डबा आला पण?" आणि बॅगेत ठेवला. मला वाटलं, उघडेल तेव्हा तिला कळेलच.

ती निघाली त्या दिवशी दुपारी मी चार वेळा मोबाइल हातात घेतला आणि चार वेळा खाली ठेवला. पुढच्या दिवशीही फोन केला नाही. पोट बिघडलं असेल तर यावेळी तरी ती मला सांगेल का, याच विचारात मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन आला. तोंडात घास होता.

"आई, मी जेवतेय. तीन दिवस झाले, अजून एकदम सॉफ्ट आहे. सीरियसली, आजवरचा बेस्ट डबा आहे हा."

मी बोलणार होते.

"आणि ऐक ना," ती पुढे म्हणाली, "काकूने यावेळी चटणीत साखर घातलीय. एकदम वेगळी लागतेय, मस्त. तिला सांग हं माझ्याकडून, मी पण फोन करेन. कधी आणलास गं तू डबा छावणीतून? एवढ्या उन्हात गेलीस का? आणि तू नको हं उगाच काही बनवत बसू. काकू देते ना."

मी ओट्याला टेकून उभी होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं माझं झालं असतं. पण ते वाक्य ऐकून तिचा हात डब्यातच थांबला असता. तिने दशमी नाकाशी नेऊन वास घेतला असता, मला वाईट वाटू नये म्हणून 'छान आहे' म्हणाली असती आणि उरलेल्या तशाच ठेवल्या असत्या. पलीकडे ती चावत होती, ते मला ऐकू येत होतं. माझी पोर परक्या गावात पोटभर जेवत होती.

"हो," मी म्हटलं, "तिनेच दिलाय. सावकाश खा."

फोन ठेवला. फडक्याखाली झाकून ठेवलेली एक दशमी उरली होती, डब्यात मावली नव्हती ती. उभ्याउभ्याच खाल्ली. जावेच्या दशमीपेक्षा मऊ झाली होती.